जिरावन, हिंग आणि चांदीची वाटी

चांदीच्या ताटलीत इंदुरी पोहे वाढले, वर जिरावन (पोह्यांवर घालायचा इंदुरी कोरडा मसाला) भुरभुरलं आणि ताटली धुवायला तासभर उशीर झाला, की जिथे जिथे जिरावन ओलं होऊन टेकलं तिथे पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळट ठिपके उठतात. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, चांदी भेसळीची दिसते. चांदीचा यात काही दोष नाही. शंभर नंबरी चांदीही अशीच काळी पडेल, कारण जिरावनात काळं मीठ असतं आणि काळ्या मिठाला जो उग्र वास येतो तो गंधकाचाच. त्यात पुन्हा हिंग, आणि हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. चांदी नुसत्या हवेने किंवा पाण्याने गंजत नाही. तिला गंधक मिळालं की वर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. थर पातळ असताना पिवळा दिसतो, जाड होत गेला की निळा-जांभळा आणि शेवटी काळा.

त्यामुळे जुनी चांदी टेबलावर मांडायची तर आधी जेवणात काय आहे ते ठरवायचं आणि मग कुठली भांडी काढायची ते. बहुतेक घरांत उलटं होतं. आजीच्या वेळचा संच बाहेर निघतो, फोटोसाठी छान मांडला जातो, त्यात जे शिजलं ते वाढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी चोळून चोळून थकल्यावर ‘ही चांदी वापरायची नाही’ असा निकाल लागून ती पुन्हा दहा वर्षं कपाटात जाते. मला तो निकाल मुळीच पटत नाही. वरचेवर वापरली, लगेच धुतली आणि पुसली तर चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा उजळ राहते.

आधी हातात काय आहे ते ओळखा

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी घरांत साधारण दोन तऱ्हेची चांदी सापडते. एक आपली: ताट, वाट्या, फुलपात्रं, तांब्या, पळी-पंचपात्री, अत्तरदाणी, गुलाबदाणी. दुसरी साहेबी: काटे, चमचे, सुऱ्या, टोस्ट रॅक, चहादाणी, मीठदाण्या. संस्थानांच्या नोकरीमुळे किंवा लिलावांतून ही दुसरी चांदी बऱ्याच घरांत आली. खुद्द राजवाड्यांत तर हौसेला मोल नव्हतं. ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावरून धावणारी चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यासाठी यशवंतराव होळकरांनी (दुसरे) ज्याँ प्युफोर्का या फ्रेंच रौप्यकाराकडून टेबलावरची चांदी घडवून घेतली होती. अगदी सरळ रेषांची, नक्षीचा मागमूस नसलेली. त्या माणिकबागेत आता सरकारी कचेरी आहे.

साहेबी चांदीत घात होतो तो शिक्क्यांमुळे. चमच्याच्या दांड्यामागे चार-पाच बारीक शिक्के दिसले की माणूस खूश होतो. नीट भिंगातून पाहा. पुढचा एक पाय उचलून चालणारा सिंह असेल तर ती इंग्लंडची ९२.५ टक्क्यांची स्टर्लिंग चांदी. सोबत नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनची, मुकुट असेल तर शेफील्डची (१९७४ नंतर शेफील्डने मुकुट सोडून गुलाब घेतला). एक अक्षर वर्षाचं असतं. पण तशाच चौकटींत ई, पी, एन, एस अशी एकेक अक्षरं कोरलेली असली तर तो फक्त मुलामा आहे: खाली तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, आणि वर चांदीचा थर. कारखानदारांनी हे शिक्के मुद्दाम हॉलमार्कसारखे दिसतील असे मारले आहेत. ‘ए वन’ हाही मुलाम्याचाच दर्जा. युरोपातल्या काट्यांवर ‘९०’ असा आकडा दिसला तर त्याचा शुद्धतेशी संबंध नाही, तो मुलाम्याला किती चांदी लागली त्याचा आकडा आहे. ‘८००’ आणि ‘८३५’ हे मात्र खरोखर शुद्धतेचे.

हिंदुस्थानात घडलेल्या जुन्या चांदीवर सरकारी हॉलमार्क नसायचा, घडवणाऱ्या पेढीचा शिक्का असायचा. कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ओर अँड सन्स, भूजचे ओमरसी मावजी. यांतला एखादा शिक्का हाती लागला तर वस्तू वितळवणाऱ्याच्या हातात देण्याआधी चार ठिकाणी दाखवा. आपल्या घरगुती ताट-वाट्यांवर बहुधा सोनाराची छोटी खूण किंवा आजोबांचं नाव याखेरीज काही नसतं.

शिक्का झिजला असेल तर घरच्या घरी घनता काढता येते, आणि ही कसोटी लोहचुंबक किंवा बर्फाच्या तुकड्यापेक्षा कितीतरी खात्रीची. (चुंबक जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. बर्फ तांब्यावरही झपाट्याने वितळतो. दोन्हींतून फारसं काही कळत नाही.) एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो. चमचा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. चमचा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असा धरा. आता काट्यावर जो आकडा येईल तो चमच्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. समजा चमचा ६२ ग्रॅमचा आहे आणि पाण्यातला आकडा ६ आला, तर घनता १०.३, म्हणजे स्टर्लिंग. तोच आकडा ७.१ आला तर घनता ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर. शुद्ध चांदीची घनता १०.५ च्या जवळ असते. चहाचा चमचा एकटा तोलू नका. २० ग्रॅमच्या चमच्यात १.९ आणि २.३ एवढाच फरक पडतो आणि काट्याची चूकच त्यातला बराच भाग खाऊन टाकते. सारख्या सहा चमच्यांची जुडी बांधून तोला. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर नक्षीत हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. सुऱ्यांना ही कसोटी लागू नाही, कारण त्यांची मूठ पोकळ असते आणि आत राळेसारखा मसाला भरलेला असतो.

सराफ्यात एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूची शुद्धता मोजणारं यंत्र) दाखवलंत तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते मशीन वरचा पातळ थरच वाचतं. मुलाम्याची चांदी जवळजवळ शुद्ध असते, त्यामुळे मुलाम्याचा चमचाही ९९ च्या पुढचा टंच दाखवू शकतो. इंग्लिश चमच्यावर ९२.५ ऐवजी ९९ आला तर आनंदण्याऐवजी संशय घ्या. चमच्याचा खोलगट भाग टेबलावर जिथे टेकतो तिथे मागे, आणि काट्याच्या टोकांना, पिवळट-राखाडी धातू उघडा पडलेला दिसतो का ते बघा. मुलामा सगळ्यात आधी तिथेच जातो.

चहादाणीच्या तळाला ई, पी, बी, एम दिसलं तर ती ब्रिटानिया मेटलची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची. गॅसवर ठेवली तर तळ अक्षरशः वितळून खाली येतो. ती टेबलापुरतीच.

सुरीच्या पात्यावरून संचाचं वय थोडंफार कळतं. गंजलेलं, काळपट पातं म्हणजे साधं पोलाद. ‘स्टेनलेस’ असं कोरलेलं असेल तर संच १९१३ नंतरचा, कारण शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद केलं ते तेव्हा. मासळीच्या सुऱ्यांची पाती चांदीची का असत याचंही उत्तर इथेच आहे: लिंबू लावलेल्या मासळीला साधं पोलादी पातं लागलं की चव बिघडायची. मूठ हस्तिदंताची निघाली तर ती विकण्याचा विचारही करू नका, भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कायद्याने बंदी आहे.

काय चांदीत वाढायचं, काय नाही

चांदीचे शत्रू दोन: गंधक आणि मीठ. गंधकाने काळेपणा येतो, तो काढता येतो. मीठ मात्र ओलं राहिलं की चांदी खातं, बारीक खड्डे पाडतं, आणि खड्डा भरून येत नाही. जुन्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा किंवा निळ्या काचेची वाटी असते ती यासाठीच. ती काच फुटलेली असेल तर मीठदाणीत मीठ भरू नका.

आपल्या ताटात मीठ थेट ताटावर वाढतात, वर मधोमध. शेजारी लोणचं: त्यात मीठ, मोहरी आणि हिंग, म्हणजे दोन्ही शत्रू एकाच ठिकाणी, आणि ते जेवण संपेपर्यंत तिथेच बसलेले. चांदीच्या ताटात मिठाखाली आणि लोणच्याखाली केळीच्या पानाचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवायचा. पान नसेल तर बोटभर काचेची वाटी. लिंबाच्या फोडीने तासाभरात फारसं बिघडत नाही.

अंडं चांदीत कधीच नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक चमच्याला लागला तर जेवण संपायच्या आत चमचा पिवळा पडलेला असतो. कच्चा कांदा, लसूण, कोबी, मुळा यांची कोशिंबीर काचेत. लसणाची शेव आणि लौंग शेव चिनी मातीत. गराडू (एक कंद) तळून त्यावर जिरावन आणि लिंबू, म्हणून तेही चिनी मातीत. भुट्ट्याच्या किसाला हिंगाची फोडणी असते. तो चांदीच्या वाटीत वाढायचाच असेल तर फोडणीतला हिंग गाळून जिरं-मिरचीवर भागवा, पण खरं सांगायचं तर बिनहिंगाचा कीस खाण्यापेक्षा तो काशाच्या वाटीत खाल्लेला बरा. साबुदाण्याची खिचडी नुसती असेल तर चालते. इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्याच्या ठेल्यांवर घालतात तसा वर मसाला भुरभुरला की नाही.

दाल-बाफल्यांच्या जेवणात बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) आणि लाडू चांदीच्या ताटात, डाळ काशाच्या किंवा स्टीलच्या वाटीत. पुरणपोळी, तूप, दूध, साधं वरण-भात यांच्यासाठी चांदी उत्तम. कटाची आमटी वेगळ्या वाटीत. श्रीखंड, बासुंदी, खीर, गुलाबजाम, मावाबाटी, मूगडाळीचा हलवा ही तर चांदीच्या वाट्यांचीच जागा. श्रीखंड फक्त रात्रभर त्यात राहू देऊ नका.

उष्णतेचंही भान हवं. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत वेगाने वाहते ती चांदीतून, स्टेनलेस स्टीलच्या पंचवीस-तीस पट वेगाने. त्यामुळे गरम आमटीची चांदीची वाटी उचलताना बोटं भाजतात आणि चहाच्या पेल्याची कड ओठाला चटका देते. हाच गुण थंड पदार्थांना फायद्याचा. रिकाम्या वाट्या फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवून मग श्रीखंड वाढा, किंवा फुलपात्रं गार करून त्यात इंदुरी शिकंजी ओता (लिंबाची नव्हे, आटीव दुधाची, केशर-सुक्यामेव्याची), बाहेर दवाचा थर येतो आणि घोट शेवटपर्यंत गार लागतो. उलट तुपासाठी सॉस बोट (तोटीची सॉसदाणी) काढलीत तर आधी तिच्यात कढत पाणी घालून दोन मिनिटं ठेवा, ओतून कोरडी करा, मग पातळ तूप घाला. इंदूरच्या जानेवारीत थंड चांदीत ओतलेलं तूप वाढणाऱ्याच्या हातातच थिजतं.

मांडणी

ताट आणि काटे-सुऱ्या दोन्ही एकाच वेळी मांडायचा मोह आवरा. ताटातल्या जेवणाला काटा लागत नाही. तो डावीकडे ठेवला की पाण्याच्या भांड्याची जागा जाते. उजवा हात उष्टा असतो म्हणून फुलपात्र डाव्या हाताला, ताटाच्या वरच्या कडेला. तांब्या दोघांत एक. उजवीकडे गोडासाठी एक चमचा पुरे.

वाढायचा क्रम घरोघरी थोडा बदलतो, पण ढाचा एकच: वर मध्ये मीठ, तिथून डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटीची वाटी, गोडाची वाटी. खाली मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. चांदीच्या ताटाचा काठ उभा आणि तळ सपाट असतो, त्यामुळे पातळ भाजी थेट ताटात वाढली की पसरून मिठाच्या पानापर्यंत जाते. पातळ ते सगळं वाटीत.

मापं आधी घ्या. बारा इंची ताटाला ३० सेंटीमीटर लागतात, माणशी टेबलाची कड ६० सेंटीमीटर हवी, आणि ताट कडेपासून अडीच सेंटीमीटर आत. म्हणजे १८० सेंटीमीटर लांब टेबलाच्या एका बाजूला तिघं बसतात, १५० च्या टेबलाला दोघंच. टेबल ९० सेंटीमीटर रुंद असेल तर समोरासमोरची दोन ताटं आणि दोन्हीकडची कड वजा जाता मध्ये फक्त २५ सेंटीमीटर उरतात. तिथे फुलदाणी, समई आणि पातेली एकदम मावत नाहीत. पातेली बाजूच्या टेबलावर ठेवा आणि पंगतीसारखं एकाने फिरून वाढा. मध्ये गुलाबदाणी किंवा मोगऱ्याची एखादी वाटी. समई जेवणाच्या टेबलावर ठेवूच नये, तेलाचे डाग नक्षीदार टेबलक्लॉथवरून जात नाहीत.

काटे-चमच्यांचं टेबल वेगळ्या दिवशी मांडा: संध्याकाळचं खाणं, कटलेट, सूप, केक. काटे डावीकडे, सुरी उजवीकडे पात्याची धार ताटलीकडे, तिच्या उजवीकडे सूपचा चमचा. जे आधी लागणार ते सगळ्यात बाहेर. गोडाचा चमचा आणि काटा ताटलीच्या वर आडवे, चमच्याची मूठ उजवीकडे, काट्याची डावीकडे. पेला सुरीच्या टोकाच्या वर. काट्याची टोकं वर की खाली, असा वाद नेहमी होतो. जुन्या काट्यावर नाव किंवा चिन्ह कुठे कोरलं आहे ते पाहा. मागच्या बाजूला असेल तर तो काटा पालथा मांडण्यासाठी घडवलेला आहे, अठराव्या शतकातल्या हॅनोव्हेरियन घाटात हे दिसतं. पुढे कोरलेलं असेल तर टोकं वर.

शाकाहारी जेवणाला मासळीच्या सुऱ्या मांडून ठेवण्यात काही हशील नाही, पण मासळी वाढायची रुंद सुरी आणि काट्याची जोडी मात्र फेकू नका. कोथिंबीर वडी आणि अळूवडी न मोडता उचलायला इतकं चांगलं दुसरं काही नाही. टोस्ट रॅकमध्ये पापड उभे ठेवा, चहूकडून हवा लागते, एकावर एक ठेवलेल्या पापडांसारखे मऊ पडत नाहीत. साखरेचा चिमटा विड्यांसाठी. निळ्या काचेची मीठदाणी जिरावनासाठी, सोबत हाडाचा किंवा लाकडाचा बारीक चमचा, चांदीचा नव्हे.

जुन्या संचात बारा काटे आणि नऊच चमचे असतात. बाकीचे त्याच घाटाचे शोधत बसू नका. दुसऱ्या घाटाचे चमचे घेतले तर सगळे तीन एका घाटाचे घ्या आणि दर तीन जुन्या चमच्यांनंतर एक मांडा. लांबी मात्र जुळली पाहिजे. एक सेंटीमीटरचा फरकही ओळीत डोळ्यांना खुपतो.

धुणं, उजळणं, ठेवणं

जेवण झाल्यावर अर्ध्या तासात धुवा. सगळ्यात आधी चांदी, बाकी भांडी मागून. प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी, साधा पातळ साबण (लिंबाचा वासवाला नको), मऊ फडकं. हिरवी घासणी आणि तारेची जाळी दूर. स्टीलच्या भांड्यांसोबत एका टबात भिजत घालू नका: खारट पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की चांदीवर काळे डाग उठतात. डिशवॉशरमध्ये नको ते याच कारणासाठी, शिवाय तिथली पावडर आणि उष्णता दोन्ही कडक. सुऱ्यांच्या मुठी पाण्यात बुडवू नका, आतला मसाला सैल होऊन पातं निखळतं. धुतल्याबरोबर मऊ सुती पंच्याने पुसा, लांबीच्या दिशेने. वाळत ठेवली तर पाण्याचे ठिपके राहतात.

एवढं नियमित केलं तर उजाळा वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच द्यावा लागतो, आणि तेच हवं, कारण प्रत्येक उजाळ्यात थोडी चांदी जातेच. टूथपेस्ट, राख, रांगोळी, तांब्या-पितळेची पावडर यांत कठीण कण असतात. चकाकी येते, पण बारीक ओरखड्यांची. फळ्याचा खडूही नको, त्यात खर असते. कॅल्शियम कार्बोनेटची अगदी बारीक पूड पाण्यात पातळ कालवून कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. नक्षीच्या खोबणीतला काळा रंग काढू नका, नक्षी दिसते ती त्यामुळेच. काळा रंग गेला की गुलाबदाणी नुकत्याच साच्यातून काढलेल्या खेळण्यासारखी दिसते.

ॲल्युमिनियमच्या फॉइलचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धवट. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात फॉइल पसरा. एक लिटर उकळतं पाणी, एक मोठा चमचा खायचा सोडा. प्रत्येक वस्तू फॉइलला टेकलीच पाहिजे, नाहीतर काही घडत नाही. कोमट पाण्यात हे फार सावकाश घडतं. दोन ते पाच मिनिटं. सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे गंधक सुटतंय, खिडकी उघडी ठेवा. चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी तिथेच राहते, हा फायदा. तोटा असा की फार काळी वस्तू यातून पांढरट, निस्तेज निघते, नक्षीतला काळेपणाही जातो, आणि ती पुन्हा लवकर काळी पडते. साध्या चमच्यांना आणि वाट्यांना ठीक. मीनाकारी, खडे, हाडाच्या मुठी, पोकळ सुऱ्या, मुलामा उडालेल्या वस्तू यांना मुळीच नाही. बाटलीत मिळणाऱ्या, बुडवून काढायच्या द्रावणांत आम्ल असतं. काही सेकंदांपेक्षा जास्त राहिलं तर चांदी दुधाळ होते आणि सुरीच्या स्टीलच्या पात्यावर डाग पडतात.

ठेवण्याची जागा स्वयंपाकघर नसावी. एलपीजीला वास यावा म्हणून त्यात गंधकाचं संयुग मिसळलेलं असतं, फोडणीचा हिंग रोजचाच. देवघरातली चांदी लवकर काळी पडते त्यालाही कारण आहे, काडेपेटीच्या गुलात गंधक असतं. दोन-तीनदा धुतलेल्या मलमलीत किंवा फ्लॅनेलमध्ये एकेक वस्तू वेगळी गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. वर्तमानपत्र नको. चमच्यांच्या जुडीला रबरबँड तर कधीच नको, रबरात गंधक असतं आणि त्याचा काळा पट्टा कापडावरूनही उमटतो. लोकरी कापड आणि जुन्या मखमली पेट्या याही काळ्या पाडतात. पेटी सुंदर असेल तर रिकामी शोभेला ठेवा. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी पुड्या बदला, ओलाव्यात सल्फाइड भराभर चढतं.

सराफ्यात दुरुस्तीला नेताना

दिवसा जा, संध्याकाळी दुकानं मिटायच्या घाईत नको. दुकानाची शटरं पडून समोर खाण्याचे ठेले लागायच्या सुमाराला कारागिराचं लक्ष कामावर नसतं. वस्तू देण्याआधी समोर तोलून चिठ्ठीवर ग्रॅममध्ये वजन लिहून घ्या, फोटो काढा. पोचे काढायचे असतील तर ‘आतून ठोका, बफ लावू नका’ असं स्पष्ट सांगा. बफच्या चाकाने कोरलेलं नाव, शिक्के आणि नक्षीच्या कडा पाच मिनिटांत गुळगुळीत होतात. तुटलेल्या दांड्याला डाख लावायचा तर चांदीचाच. कथलाचा डाख स्वस्त आणि झटपट, पण राखाडी दिसतो, पुन्हा सुटतो, आणि नंतर चांदीचा डाख लावायला तापवलं की कथील चांदीत उतरून ती जागा खड्ड्यांची होते.

मुलामा उडालेल्या काट्या-चमच्यांना पुन्हा मुलामा देता येतो, पण ‘चांदीचं पाणी’ मागू नका. ते मूर्तीला आणि शोभेच्या वस्तूंना पुरतं, चमच्यावरून काही महिन्यांत जातं. जाडी मायक्रॉनमध्ये विचारा. वापराच्या चमच्यांना २० मायक्रॉनच्या आसपास थर हवा. त्याला खर्च येतो, म्हणून बारा चमच्यांना देण्यापेक्षा वाढायचे दोन-चार मोठे चमचे आधी करून घ्या. उघड्या पडलेल्या जर्मन सिल्व्हरच्या काट्याने लिंबू किंवा चिंचेचा पदार्थ खाल्ला तर तोंडात धातूची चव येते, तोवर असे काटे केक आणि सँडविचपुरते ठेवा.